उतरवू का हिला?



या व्यासपीठाला पाच पायऱ्या आहेत. तुम्ही मोजल्या नसतील, मी मोजल्या. मला खुर्चीसकट वर आणायला तरुण संघाची चार पोरं लागली. बिचारी घामाघूम झाली. ‘आंटी, घट्ट धरा, आंटी, घाबरू नका’ असं सारखं म्हणत होती. घाबरलेली खरं तर तीच होती. मी चौघांनाही मनापासून धन्यवाद दिले. आणि मनापासूनच सांगते, पुढच्या वर्षीच्या वक्त्यासाठी इथं एक उतार बांधून घ्या. माझ्या या दोन वाक्यांत तुम्हाला विसंगती वाटत असेल, तर पुढचा तासभर आपलं जमणं कठीण आहे.

ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी मला नववीत मराठी शिकवलं. मी मिशनच्या वळणातली मुलगी. निबंधाचा शेवट सुचला नाही की ‘या सर्वांबद्दल मी देवाची अत्यंत आभारी आहे’ असं लिहून मोकळी व्हायची. वही परत आली की समासात लाल शाईनं एकच शब्द असायचा : ‘कशाबद्दल?’ मला तेव्हा त्यांचा फार राग यायचा. पुढं मी स्वतः तीस वर्षं मराठी शिकवलं आणि तोच शब्द शेकडो वह्यांत लिहिला. आज विषय निवडायला सांगितलं, तेव्हा तो समासच आठवला.

‘हेवा’ हा आपल्या भाषेतला मोठा लबाड शब्द आहे. ‘मला तुझा हेवा वाटतो’ असं आपण तोंडावर म्हणतो आणि ऐकणारा खूश होतो. मत्सर मात्र कुणी कबूल करत नाही. तो नेहमी शेजारणीला असतो. आणि खरोखर होतं तेव्हा आपण हे दोन्ही शब्द वापरत नाही, शरीर वापरतो. डोळ्यात खुपतं. पोटात दुखतं. अंगाचा तिळपापड होतो. मत्तयाच्या शुभवर्तमानातला द्राक्षमळ्याचा दाखला आठवा. दिवसभर उन्हात राबलेल्यालाही एक दिनार आणि संध्याकाळी तासभर आलेल्यालाही एक दिनार. सकाळचा मजूर कुरकुरतो, तेव्हा मूळ ग्रीकमध्ये मळ्याचा मालक त्याच्या डोळ्याला नाव ठेवतो, मनाला नाही. दुसऱ्याच्या तळहातावरचं नाणं दिसेपर्यंत या माणसाला आपलं नाणं पुरेसं वाटत होतं. बिघडलं ते बघण्यात.

दुसरा शब्द ‘उपकार’. हा तर आणखी गुंत्याचा. देवळात आपण उपकारस्तुती करतो, आणि घरी येऊन म्हणतो, ‘कुणाचे उपकार नकोत बाबा.’ धडधाकट माणसाला हे म्हणणं परवडतं. माझा दिवस उपकारानं सुरू होतो. एसटीची पहिली पायरी माझ्या कमरेला लागते. कुणी तरी हात दिल्याशिवाय मी प्रवासाला निघालेच नाही कधी. उपकार फेडायचे असतात, आणि फेडायला माझ्याकडं हसण्याशिवाय काही नव्हतं. साठ वर्षं मी हसण्यानं फेड करते आहे. कधी कधी गाल दुखतात.

माझा जन्म १९६०चा, नगरच्या पूर्वेला असलेल्या एका खेड्यातला. दीड वर्षाची असताना ताप आला. ताप उतरला, तेव्हा उजवा पाय गेला होता आणि डावा निम्मा गेला होता. पुढचं सगळं माझ्या वयाच्या पोलिओवाल्यांना पाठ आहे : लोखंडी पट्ट्यांचं कॅलिपर, चामड्याचे पट्टे, बकलं, एक बूट दुसऱ्यापेक्षा तीन बोटं उंच, काखेत दोन कुबड्या. ते मी लांबवत नाही. त्यावर लहानपणी मी एवढ्या साक्षी दिल्या आहेत की मलाच कंटाळा आलाय.

लग्न झालं. आमचे हे पोस्टात होते. १९८८ साली मुलगी झाली. आणि मग मला कळलं की मी इतके दिवस अपंग नव्हतेच, नुसती लंगडत होते. अपंग मी बाळंतपणानंतर झाले.

कारण दोन्ही हातांत कुबड्या असल्या की मूल कडेवर घेता येत नाही. एवढी साधी गोष्ट. मराठी बाईची कंबर देवानं जणू त्यासाठीच घडवली आहे. पाणी भरताना, भाकरी थापून झाल्यावर, दारात उभं राहून बोलताना मूल कडेवर असतं, आणि ते तिथं आहे हे तिच्या लक्षातही नसतं. मी भर रस्त्यात बायकांच्या कमरांकडं बघत राहायची. कुणाचं रूप, कुणाचे दागिने, कुणाचं शिक्षण, कशाचाच मला कधी त्रास झाला नाही. कमरेचा झाला.

घरात मी कॅलिपर काढून ठेवायची. खुंटीला टांगलेलं ते कॅलिपर म्हणजे कसायाच्या दुकानातली तंगडीच दिसायची. मग मी फरशीवर बसून सरकायची. आमच्याकडं शहाबादी फरशी होती, वापरून गुळगुळीत झालेली. मी एक गोधडी घेतली, चार पदरी केली, तिच्यावर लेकीला बसवलं, आणि गोधडीचं एक टोक मुठीत धरून मागं मागं सरकत निघाले. एक हात मागं टेकायचा, बूड उचलायचं, सरकायचं, मग गोधडी ओढायची. पुन्हा हात, बूड, गोधडी. स्वयंपाकघर ते न्हाणी हे अंतर बावीस ओढींचं होतं. लेक वर बसून दोन्ही हातांनी गोधडी धरायची आणि तोंडानं गाडीचा आवाज काढायची. उंबऱ्याशी गाडी अडायची, तेव्हा ती खाली उतरायची, उंबरा रांगत ओलांडायची आणि पलीकडं गाडीची वाट बघत बसायची. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

आमचं एकत्र कुटुंब होतं. थोरल्या जाऊबाई होत्या, त्यांना सगळे मोठीबाई म्हणायचे. त्यांना दोन मुलगे, मोठे झालेले. माझी लेक त्यांना ‘मोठी आई’ म्हणू लागली. मराठीत थोरल्या काकूला मोठी आई म्हणतातच, त्यात काही नवल नाही. पण मला रोज ऐकू यायचं ते असं : ही आई, आणि ती मोठी आई.

लेक दीड वर्षाची असेल. दिवस मावळायची वेळ, वीज गेलेली. ती ओट्यावरून अंगणात पडली. फार उंच नव्हता, पण ओठ फुटला. मी पाच-सहा हातांवर होते. कॅलिपर खुंटीला. मी सरकू लागले. तिनं रडत माझ्याकडं बघितलं, नीट बघितलं, आणि मग मान वळवून स्वयंपाकघराच्या दाराकडं हात वर केले. मोठीबाई पीठ मळता मळता उठून आल्या होत्या. त्यांनी तिला एका झटक्यात उचललं आणि कडेवर बसवलं. लेक गप्प झाली. तिच्या निळ्या फ्रॉकच्या पाठीवर पिठाची पाच बोटं उठली होती. ती पाच बोटं मला अजून दिसतात.

आता माझी अडचण बघा. जिचा हेवा, तिचेच उपकार. मोठीबाई वाईट असत्या तर किती सोपं झालं असतं! पण त्या माझं करत होत्या. माझ्या लेकीला न्हाऊ घालत होत्या, दवाखान्यात नेत होत्या, रविवारी देवळात कडेवर घेऊन माझ्या शेजारी बसत होत्या, म्हणजे लोकांना मूल माझंच दिसावं. एवढं केल्यावर आभार मानायला तोंड उघडलं की त्यातून दुसरंच काही बाहेर येईल या भीतीनं मी चार दिवस त्यांच्याशी बोललेच नाही.

पाचव्या दिवशी त्यांनीच विचारलं. लेक कडेवर होती. ‘काय झालंय तुला?’

मी म्हटलं, ‘मला तुमचा राग येतो.’

‘कशापायी?’

‘ती तुमच्याकडं येते. पडली तरी तुमच्याकडंच येते.’

माझी अपेक्षा होती की त्या रडतील, चिडतील, निदान ‘एवढं करून हेच का’ असं तरी म्हणतील. त्यांनी थोडा विचार केला. मग म्हणाल्या, ‘मग काय करू? उतरवू का हिला?’

टोमणा नव्हता तो. खरंच विचारत होत्या. आणि त्या वाकल्याही. लेकीचे पाय फरशीपासून वीतभर राहिले होते.

मी म्हटलं, ‘नको.’

एवढंच झालं. त्या सरळ झाल्या, लेकीला घेऊन आत गेल्या. पुढं कधी आम्ही दोघींनी तो विषय काढला नाही. त्या ‘नको’ला कृतज्ञता हे नाव मी फार नंतर दिलं. त्या क्षणी मला कृतज्ञ वगैरे काही वाटलं नव्हतं. मटणाचं हाड घशातून काढावं तसा तो शब्द काढावा लागला.

शलमोन राजापुढं दोन बायका एक मूल घेऊन येतात ती गोष्ट आपण शब्बाथशाळेत राजाच्या हुशारीची म्हणून शिकवतो. मुलांना तलवार आवडते. मीही तशीच शिकवायची. त्या दिवसानंतर मला राजा दिसेनासा झाला आणि ‘कापा’ म्हणणारी बाई दिसू लागली. तिच्याकडं आपण कधी नीट बघतच नाही. तिचं मूल रात्री झोपेत तिच्याच अंगाखाली गेलं होतं. शेजारच्या अंथरुणावर जिवंत मूल. तिला ते हवं होतं, इथपर्यंत मी तिच्याबरोबर आहे. पण तलवार आली, तेव्हा तिच्या तोंडून काय निघालं? मला द्या, असं नाही. तुलाही नको आणि मलाही नको, असं. हेव्याचा प्रवास इथं संपतो. सुरुवात ‘मला हवं’ इथून होते, पण वाटेत कुठं तरी ती वस्तूच विसरली जाते आणि फक्त दुसरीच्या हातातून ती गेली पाहिजे एवढंच उरतं. मूल अर्धं झालं तरी चालेल.

आणि खरी आई म्हणते, तिलाच देऊन टाका. आपण याला त्याग म्हणतो. मला तो शब्द जरा भरजरी वाटतो. मला वाटतं, तिनं एवढंच केलं की दुसऱ्या बाईकडं बघायचं सोडलं आणि मुलाकडं बघितलं. मोठीबाईंनी ‘उतरवू का’ म्हटलं, तेव्हा मला खाली यायला लागलेले ते दोन पाय दिसले. एका पायात पैंजण होतं, दुसऱ्यातलं हरवलं होतं. तोपर्यंत चार दिवस मला फक्त कंबर दिसत होती.

यावर कुणी म्हणेल, झालं, मग तुम्ही जिंकलात. छे हो. ‘नको’ एकदा म्हणून भागत नाही. लेक दुसरीत असताना शाळेच्या स्नेहसंमेलनात आयांची लिंबू-चमचा शर्यत होती. मला शेवटच्या रेषेवर फीत धरायला बसवलं. अपंगांना नेहमी फीत धरायला बसवतात. माझ्या वतीनं मोठीबाई धावल्या. चाळिशी ओलांडलेली बाई, नऊवारी नव्हे, पाचवारीचाच कासोटा घातलेला, दातात चमचा. तिसऱ्या आल्या. बक्षीस म्हणून स्टीलचा छोटा डबा मिळाला, तो त्यांनी माझ्या हातात दिला : ‘तुझा आहे.’ तो डबा तीसएक वर्षं झाली, माझ्या मिसळणाच्या फळीवर आहे. त्यात मोहरी असते. फोडणी करताना रोज तो उघडावा लागतो. काही दिवस उघडताना हसू येतं. काही दिवस मोहरीआधी मीच तडतडते.

आता एक नाजूक गोष्ट बोलते, मंडळींनी राग मानू नये. एकदा एका घरी प्रार्थनेची बैठक होती. मी पुढंच बसले होते, कुबड्या भिंतीला टेकवलेल्या. एका भावांनी फार कळकळीनं उपकारस्तुती केली. देवा, तू आम्हाला धड हातपाय दिलेस, डोळे दिलेस, कुणापुढं हात पसरायची वेळ आणली नाहीस. डोळे मिटलेले असले तरी सगळ्या खोलीचं तोंड माझ्याकडं वळलेलं मला कळत होतं. प्रार्थनेच्या शेवटी मीही आमेन म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

लूककृत शुभवर्तमानात मंदिरात दोन माणसं प्रार्थनेला जातात, एक परूशी आणि एक जकातदार. परूशाला आपण गर्विष्ठ म्हणून झोडपतो, पण त्याची प्रार्थना कसली आहे ते बघा. ती चक्क आभाराची प्रार्थना आहे! मी इतरांसारखा नाही याबद्दल तो देवाचे आभार मानतो आहे, आणि त्यासाठी त्याला दूर उभा असलेला जकातदार लागतो. माझ्या सरांचा ‘कशाबद्दल?’ मला इथं ऐकू येतो. दुसऱ्याचा मोडका पाय बघून स्वतःच्या पायाबद्दल वाटणारी कृतज्ञता म्हणजे हेवाच आहे, उलटा करून घातलेला. सदरा तोच, शिवण बाहेर. दोन्हींना शेजारचा माणूस मोजपट्टी म्हणून लागतो. हे मी धडधाकटांनाच सुनावते असं नाही. मीही अंथरुणाला खिळलेल्या माणसाला भेटून आले की पायऱ्या चढताना दोन दिवस खुशीत असायची. ‘निदान आपल्याला एवढं तरी’ हे वाक्य मी किती वेळा मनात म्हटलंय! ते म्हणताना देवाचं नाव घेतलं की पुण्य वाटतं.

मग मोजपट्टीशिवाय आभार मानता येतात का? मला एक बाई आठवते, तुम्हा सर्वांना माहीत असलेली. पंडिता रमाबाई. आपण त्यांना विदुषी म्हणतो, समाजसुधारक म्हणतो. ‘बहिरी आई’ असं म्हणत नाही. पण त्या होत्या. नवरा १८८२ साली कॉलऱ्यानं गेला, कडेवर मनोरमा. १८८३ साली त्या दोन वर्षांच्या लेकीला घेऊन इंग्लंडला गेल्या, ते डॉक्टर व्हायला. तिथंच वॉन्टेजला मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. पण कान कमी होत चालले होते, आणि त्या कानांपायी वैद्यकीचा दरवाजा बंद झाला. मग त्या चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात राहिल्या. स्वतः शिकल्या आणि संस्कृत शिकवलं.

आता पुढचं बघा. मार्च १८८६. अमेरिकेत फिलाडेल्फियाला आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या. वय अजून एकवीसही पूर्ण नाही, आणि रमाबाईंच्या दूरच्या नात्यातल्या. त्या पदवीदान समारंभाला रमाबाई समुद्र ओलांडून गेल्या. मी ही गोष्ट शाळेत वर्षानुवर्षं शिकवली, पण ‘त्या गेल्या’ या क्रियापदाशी कधी थांबले नव्हते. जी पदवी घ्यायला स्वतः घरदार सोडलं, जी कानांमुळं हुकली, तीच पदवी आपल्यापेक्षा सात वर्षांनी लहान असलेल्या मुलीला मिळताना बघायला अटलांटिक ओलांडायचा! त्यांच्या जागी मी असते, तर भाषणं ऐकू येत नाहीत याचंच निमित्त करून घरी राहिले असते. ज्या वैद्यकीय महाविद्यालयाची ती पदवी, तिथल्या अधिष्ठाता रेचल बॉडली यांनी पुढं रमाबाईंच्या इंग्रजी पुस्तकाला प्रस्तावना लिहिली. आनंदीबाई तर वर्षभरातच गेल्या.

रमाबाई परत आल्या, १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं, आणि १८९६-९७चा दुष्काळ पडला, तेव्हा शेकडो मुली गोळा करून केडगावला आणल्या. आपलं नगरजवळचं केडगाव नव्हे, दौंडकडचं. मनोरमा मोठी होऊन आईच्या बरोबरीनं तिथं राबली. शेवटची कित्येक वर्षं रमाबाई मूळ इब्री-ग्रीकवरून शास्त्राचं मराठी भाषांतर करत बसल्या होत्या. १९२१ साली मनोरमा गेली, आईच्या आधी. पुढच्या एप्रिलात रमाबाई गेल्या. त्यांचं संपूर्ण भाषांतर त्यांच्यामागं छापून निघालं. या बाईनं आभार मानले असतील तर ते कुणाच्या कानांशी तुलना करून नव्हेत, एवढं मला दिसतं. आणि आभार मानून त्या गप्पही बसल्या नाहीत. वॉन्टेजच्या सिस्टरांचं मीठ खाल्लं तरी धर्माच्या बाबतीत त्यांच्याशी पत्रातून कडाडून वाद घातला. ज्यांचे उपकार त्यांच्याशी भांडता येतं, हे मी रमाबाईंकडून शिकले.

म्हणूनच आणखी एक फरक सांगायला हवा. सगळंच खुपणं हेवा नसतं. १९९५ साली पल्स पोलिओ सुरू झालं, तेव्हा शिक्षक म्हणून माझी ड्युटी बूथवर लागली. साहेबांनी मुद्दाम लावली असावी. मी म्हणजे चालतीबोलती जाहिरात. एक बाई माझ्याकडं बोट दाखवून पोराला म्हणाली, ‘आ कर, नाही तर अशी होशील बघ.’ पोरगा माझ्या बुटाकडं बघून असा आ वासून बसला की मिटेचना. मी हसले, दोन थेंब टाकले, डाव्या करंगळीच्या नखावर शाईची खूण केली. दिवसभरात किती करंगळ्या धरल्या त्याची गणती नाही. संध्याकाळी मात्र माझी बोटं थरथरू लागली. दोन थेंब! साल्क यांची लस १९५५ साली यशस्वी ठरली होती, माझ्या जन्माच्या पाच वर्षं आधी. आपल्या लसीकरण कार्यक्रमात पोलिओचे थेंब यायला सत्तरचं दशक संपत आलं. म्हणजे मी आजारी पडले, तेव्हा जगात लस होती, आमच्या गावात नव्हती.

त्या संध्याकाळी मला त्या मुलांचा हेवा वाटला का? मी स्वतःला नीट तपासलं. मोठीबाईंचीच परीक्षा लावली : यांच्या तोंडातले थेंब परत घेऊ का? छे! उलट एखादं पोर निसटून तर गेलं नाही ना, म्हणून मी यादी पुन्हा बघत होते. तो हेवा नव्हता. ती तक्रार होती, आणि तक्रार मी आजही मागं घेतलेली नाही. देवाच्या दारात दोन्ही घेऊन जाता येतं; स्तोत्रसंहिता उघडून बघा, निम्मी तक्रारच आहे. भारतातला शेवटचा पोलिओ रुग्ण जानेवारी २०११ मधला, हावड्याची एक लहान मुलगी. मार्च २०१४ मध्ये आपला देश पोलिओमुक्त जाहीर झाला. ती बातमी वाचून मी पेढे आणले. लेक तेव्हा नोकरीला लागली होती; ती म्हणाली, ‘आई, तुला काय मिळालं यातून?’ मी म्हटलं, ‘पेढा.’

शास्त्रात माझ्यासारखा एक बाप सापडतो, योनाथानाचा मुलगा मफीबोशेथ. पाच वर्षांचा असताना दाई त्याला घेऊन पळाली आणि तिच्या हातून तो पडला. दोन्ही पाय गेले. दावीद राजा त्याला आपल्या ताटाला बसवतो, आणि त्याच गोष्टीत जाता जाता एका ओळीत कळतं की याला मीखा नावाचा लहान मुलगा होता. तो मुलगा पुन्हा कथेत येत नाही. पुढं याच्या जमिनीची वाटणी होते आणि निम्मी त्याच्याच लबाड कारभाऱ्याला जाते. तेव्हा हा म्हणतो, सगळीच त्याला जाऊ दे, राजा सुखरूप परत आला ना! उपदेशात याचं फार कौतुक होतं. मला त्याबद्दल अजून पक्कं ठरवता आलेलं नाही. ते आभार असतील, किंवा आयुष्यभर दुसऱ्याच्या ताटाला बसलेल्या माणसाची सवयही असेल. मीखाला विचारायला पाहिजे होतं. पांगळ्या माणसाचं हसणं खरं कुठलं आणि फेडीचं कुठलं, हे त्याच्या मुलांना बरोबर कळतं. माझ्या लेकीला कळतं. मी कुणाला ‘थँक्यू’ म्हटलं की ती माझ्या गालांकडं बघते.

मोठीबाई आता ऐंशीच्या घरात आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यांचे गुडघे गेले. डॉक्टरांनी काठी दिली. पाळकसाहेब बसलेत म्हणून कबूल करते : फोनवर हे ऐकलं तेव्हा माझ्या पोटात कुठं तरी बारीकसं बरं वाटलं. मिनिटभरच. मग मी उठून मोहरीचा डबा पुसून ठेवला.

गेल्या सुगीच्या सणाला आम्ही दोघी देवळाच्या पायऱ्यांशी होतो. त्या काठी घेऊन उभ्या, मी खुर्चीत. आत लिलाव सुरू झाला होता, कुणी तरी भोपळ्याची बोली चढवत होतं. त्यांनी पायऱ्यांकडं बघितलं आणि पहिल्यांदाच मला विचारलं, ‘आधी कुठला पाय गं?’

मी म्हटलं, ‘चढताना चांगला पाय आधी. मग दुखरा आणि काठी.’

‘दोन्ही दुखतात. चांगला कुठला?’

‘जो कमी दुखतो तो चांगला.’

त्यांनी थोडा विचार केला, डावा उचलला. ‘आणि उतरताना?’

‘उतरताना उलटं. काठी आणि दुखरा आधी, चांगला मागून.’

‘चढताना चांगला, उतरताना दुखरा,’ असं पुटपुटत त्या चढू लागल्या. तिसऱ्या पायरीवर थांबल्या, कठड्याला धरून मागं वळल्या. ‘आणि तू कशी येणार?’

‘तुम्ही व्हा पुढं,’ मी म्हटलं. ‘माझी चार पोरं येतायत.’